काउंटरमागचं इंग्रजी : खान्देशात रिसेप्शनवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शिरपूर, चाळीसगाव. या गावांतल्या लॉज-हॉटेलांच्या काउंटरमागे दरवर्षी नवी पोरं-पोरी उभी राहतात. बारावी किंवा बीए झालेलं असतं, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला असतो, मालक ओळखीचा असतो. पहिल्या दिवशी रजिस्टर, किल्ल्यांचा बोर्ड आणि फोन ताब्यात येतो आणि वर सांगितलं जातं, "बाकी काही नाही, फक्त इंग्लिश बोलायचं." मीही असाच उभा राहिलो होतो. इंग्लिशचा पेपर बऱ्या मार्कांनी सुटलेला, पण समोर माणूस आला की जीभ टाळूला चिकटायची. पुढे बरीच वर्षं त्याच काउंटरमागे गेली, आणि आता नव्यांना शिकवायची पाळी माझ्यावर येते. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

आधी समोर कोण येणार ते ओळखा

इंग्रजी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. तो येतोच. अजिंठ्याला जाणारे कितीतरी परदेशी जळगावला रेल्वेने उतरतात, कारण लेणी इथून साधारण ६० किलोमीटरवर आहेत. त्यांत जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका इथून येणारे बौद्ध यात्रेकरूही असतात, आणि त्यांचं इंग्रजी अनेकदा तुमच्याइतकंच मोडकंतोडकं असतं. ठिबक सिंचन, केळी आणि डाळींच्या धंद्यासाठी येणारे परदेशी वेगळे.

पण रोजच्या कामात इंग्रजी लागतं ते जास्त करून आपल्याच देशातल्या माणसांशी. दीपनगरच्या वीज केंद्रावर आलेला तमिळ इंजिनीअर, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीत तपासणीला आलेला बंगाली साहेब, केरळहून आलेली परीक्षक बाई. यांच्यातल्या काहींना हिंदी जमत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. त्यांच्याशी बोलायचं इंग्रजी साधं, सरळ, छोट्या वाक्यांचं असतं. तेवढं आलं तरी तुमचं निम्म्याहून जास्त काम भागतं.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून टाका. समोरचा मराठीत बोलला तर मराठीत बोला. अहिराणीत बोलला आणि तुम्हाला येत असेल तर अहिराणीत. पागोटं घातलेले एक आजोबा नातवाच्या ॲडमिशनसाठी शहरात आले होते. काउंटरवरचा पोरगा त्यांना "आयडी प्रूफ प्लीज, सर" म्हणत राहिला. आजोबा नातवाकडे बघायचे, नातू खाली मान घालायचा. मी मध्ये पडून "बठा ना भाऊ, आधार कार्ड शे ना?" एवढंच म्हणालो, तेव्हा कुठे ते टेकले. इंग्रजी हे ज्याला दुसरी भाषा येत नाही त्याच्यासाठी आहे, रुबाबासाठी नाही.

आदर वाक्याच्या शेपटीला नसतो, तोंडाला असतो

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी असतो. बस, बसा, बसा ना, बसता का जरा. धातू एकच, पण शेपूट बदललं की माणूस वर चढतो नाहीतर खाली उतरतो. इंग्रजीत ते शेपूटच नाही. त्यामुळे आपण मनात "बसा ना" म्हणतो आणि तोंडातून येतं "सिट". मनात "थांबा हं जरा" असतं, बाहेर पडतं "वेट". आपण प्रेमाने बोललेलो असतो, पण पाहुण्याला हुकूम ऐकू येतो.

इंग्रजीत हा आदर वाक्याच्या सुरुवातीला ठेवतात : 'प्लीज', 'कुड यू', 'वुड यू लाइक', 'मे आय'. म्हणून नव्यांना मी आधी व्याकरण शिकवत नाही, ही चार तोंडं पाठ करायला लावतो. "गिव्ह पासपोर्ट" ऐवजी "मे आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?" "साइन हिअर" ऐवजी "कुड यू साइन हिअर, प्लीज?" "वेट" ऐवजी "वन मोमेंट, प्लीज." "यू वाँट टी?" ऐवजी "वुड यू लाइक सम टी?" वाक्य पुढे थोडं चुकलं तरी चालतं. तोंड बरोबर असलं की बाकीचं माणूस सांभाळून घेतो.

फोन उचलून आपण म्हणतो, "बोला!" त्यात किती अगत्य आहे. पण त्याचं "टेल मी" केलं की फौजदार बोलल्यासारखं वाटतं. तिथे "हाऊ मे आय हेल्प यू?" म्हणा. तसंच "व्हॉट हॅपन्ड?" हे "काय झालं हो?" याचं भाषांतर नाही. ते चौकशी लावल्यासारखं वाटतं. "इज एव्हरीथिंग ऑल राइट?" म्हणा.

स्वतःची ओळख करून देताना "मायसेल्फ गणेश" नको. "आय ॲम गणेश" पुरे. समोरच्याला "युअर गुड नेम?" असंही विचारू नका, ते आपल्या 'शुभनामा'चं भाषांतर आहे आणि बाहेरच्या माणसाला कळत नाही.

हो आणि नाही यांचा घोळ

हा घोळ मी स्वतः घालून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका रविवारी संध्याकाळी परदेशी जोडपं आलं. रात्री त्यातल्या पुरुषाने विचारलं, "द केव्हज आर नॉट क्लोज्ड टुमॉरो, राइट?" दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी अजिंठा बंद असतं हे मला पाठ होतं. मी मराठीत विचार केला : लेणी बंद नाहीत ना? नाही हो, बंद आहेत. आणि ठासून म्हणालो, "नो, सर." इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, "नाही, बंद नाहीत." ते सकाळी टॅक्सी करून गेले, फर्दापूरपर्यंत पोचले आणि दुपारी परत आले. पुढे काय झालं ते विचारू नका. टॅक्सीचे पैसे माझ्या पगारातून गेले, आणि ते बरोबरच होतं.

मराठीत आपण प्रश्नाला उत्तर देतो. "पाणी नाहीये का?" "हो, नाहीये." म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं आहे. इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं असतं : पाणी आहे तर 'येस', नाही तर 'नो', प्रश्न कसाही विचारलेला असो. "डोन्ट यू हॅव अ लिफ्ट?" लिफ्ट नसेल तर "नो, वी डोन्ट." असेल तर "येस, वी डू."

यावरचा माझा उपाय सोपा आहे. नुसतं येस किंवा नो कधीच बोलू नका. पूर्ण वाक्य बोला : "द केव्हज आर क्लोज्ड ऑन मंडे." संपलं. येस-नो चुकलं तरी वाक्य तुम्हाला वाचवतं. आणि मान डोलवू नका. आपली ती डावी-उजवीकडे हलणारी मान होकार आहे की नकार, हे परदेशी माणसाला शेवटपर्यंत कळत नाही.

अजिंठ्याबद्दलची माहिती काउंटरवर कागदावर लिहूनच ठेवा, कारण रोज विचारली जाते. सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते, तिथून पुढचे साधारण चार किलोमीटर शटल बसने जायचं. लेणी ३०. चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी. १९८३ पासून जागतिक वारसा. उन्हाळ्यात विचारणाऱ्याला एक वाक्य आपणहून सांगा : "प्लीज स्टार्ट अर्ली, इट गेट्स व्हेरी हॉट."

दुसरं काय बघायचं, हाही प्रश्न येतोच. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, चाळीसगावजवळची पाटणादेवी, नंदुरबारकडे तोरणमाळ, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. प्रत्येकाचं एकेक इंग्रजी वाक्य तयार ठेवा. "इट इज अ टेंपल व्हेअर टू रिव्हर्स मीट." बस, एवढं पुरतं. इतिहास सांगायला गाइड आहे.

चेक-इन, पायरीपायरीने

पाहुणा दारात दिसला की उठून उभं राहा. मोबाइल खाली ठेवा. आधी पाणी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. तापलेल्या गाडीतून उतरलेल्या माणसाला थंड पाण्याआधी फॉर्म पुढे करणं बरं दिसत नाही. परदेशी पाहुण्याला मात्र सीलबंद बाटली द्या, ग्लासातलं पाणी तो घेणार नाही आणि दोघांचीही अडचण होईल.

मग "वेलकम. डू यू हॅव अ बुकिंग?" असेल तर "अंडर विच नेम?" हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण बुकिंग अनेकदा कंपनीच्या, मित्राच्या नाहीतर ट्रॅव्हल एजंटच्या नावावर असतं. ऑनलाइन बुकिंग असेल तर पैसे आधी भरलेत की इथे भरायचेत हे स्क्रीनवर बघूनच बोला. भरलेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

खोलीच्या प्रकारात आपल्याकडे फार गोंधळ होतो. आपण दोन माणसांच्या कुठल्याही खोलीला 'डबल' म्हणतो. बाहेरच्या माणसाला डबल म्हणजे एक मोठा पलंग, आणि ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग. दोन सहकारी कामासाठी आले असतील आणि तुम्ही त्यांना एकच पलंग दिलात तर रात्री अकराला फोन येणार हे नक्की. म्हणून विचारा, "वन बिग बेड ऑर टू सेपरेट बेड्स?" शब्दांच्या भानगडीत पडूच नका.

ओळखपत्र. भारतीय पाहुण्याचं आधार, मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स. कुणी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं तर तेही खरंच असतं, त्यावरून हुज्जत घालू नका. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते सहसा चालत नाही. हे सांगताना "पॅन नॉट अलाउड" असं तोडू नका. "सॉरी, वी नीड अ कार्ड विथ युअर ॲड्रेस" म्हणा. कारण सांगितलं की राग येत नाही.

परदेशी पाहुण्याचा सी फॉर्म, म्हणजे तो आपल्याकडे उतरल्याची सरकारला द्यायची माहिती, हा काउंटरचा सगळ्यात जोखमीचा कागद. पाहुणा येऊन पोचल्यापासून २४ तासांत तो ऑनलाइन भरावा लागतो, आणि जिल्ह्यात त्याची विचारपूस पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून होते. रात्रपाळीने दिवसपाळीवर आणि दिवसपाळीने रात्रपाळीवर ढकलत हा फॉर्म राहून जातो. जो चेक-इन करतो त्यानेच भरायचा, असा नियम करून टाका. लागणारी माहिती विचारायची वाक्यं अशी :

"मे आय कॉपी युअर पासपोर्ट अँड व्हिसा?"
"व्हेन डिड यू अराइव्ह इन इंडिया?"
"व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?" म्हणजे कालचा मुक्काम कुठे होता. तो देशाचं नाव सांगेल, तेव्हा पुढे विचारा, "अँड बिफोर जळगाव?"
"व्हेअर आर यू गोइंग नेक्स्ट?"

कॉपी झाली की पासपोर्ट लगेच हातात परत द्या, तोही दोन्ही हातांनी. ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही. परदेशात पासपोर्ट हातातून गेलेला माणूस किती बेचैन होतो ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. पासपोर्ट नंबर टाइप करताना ओ आणि शून्य, आय आणि एक तपासून घ्या.

जपानी, कोरियन लोक आपल्या भाषेत आडनाव आधी सांगतात. तमिळ पाहुण्याला आपल्यासारखं आडनाव बहुधा नसतंच, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. शंका आली की विचारा, "व्हॉट शुड आय कॉल यू?"

चेक-आउटची वेळ तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. आपल्याकडच्या कितीतरी लॉजवर २४ तासांचा हिशेब चालतो, तर काही हॉटेलांत दुपारी १२ ची वेळ ठरलेली असते. पाहुणा दुसऱ्याच पद्धतीला सरावलेला असतो. "चेक-आउट इज ॲट ट्वेल्व्ह नून" किंवा "यू कॅन स्टे टिल सिक्स पीएम टुमॉरो" असं घड्याळाची वेळ घालून सांगा. दर सांगतानाच करही सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८. "प्लस फाइव्ह पर्सेंट टॅक्स" हे चार शब्द आधी बोललात तर बिलावेळची अर्धी भांडणं होतच नाहीत.

शेवटची गोष्ट, खोलीचा नंबर. तो मोठ्याने बोलायचा नाही. किल्लीसोबत कागदावर लिहून पुढे सरकवा. लॉबीत रिकामटेकडे बसलेले असतात आणि एकटी उतरलेली बाई कुठल्या खोलीत गेली हे सगळ्या गावाने ऐकायची गरज नाही.

आकडे, तारखा, स्पेलिंग

फिफ्टीन आणि फिफ्टी. थर्टीन आणि थर्टी. यात जो फसला नाही तो रिसेप्शनवर नवाच म्हणायचा. फोनवर तर हमखास फसतो. सुटे आकडे बोला : "वन फाइव्ह, फिफ्टीन." मोबाइल नंबर घेताना आपण 'डबल नाइन', 'ट्रिपल टू' म्हणतो, काही परदेशी लोकांना ते पटकन उमगत नाही. एकेक आकडा घ्या आणि शेवटी पूर्ण नंबर वाचून दाखवा. लाख-कोटी त्यांना कळत नाही, एक लाख म्हणजे "वन हंड्रेड थाउजंड".

तारीख नेहमी महिन्याच्या नावाने बोला. ०५/०६ म्हणजे आपली ५ जून, पण अमेरिकन माणसाची ६ मे.

स्पेलिंगसाठी 'ए फॉर ॲपल' चालतं, पण विमान कंपन्यांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी पाठ केली तर फोनवर वाद राहत नाही. २६ शब्द आहेत, दोन रात्रपाळ्यांत होतात. आपल्या तोंडी बी-डी-पी-टी आणि एम-एन फोनवर सारखेच ऐकू येतात, तिथे याचा खरा उपयोग.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे घरात जळगावचं जयगाव होतं, केळीची केयी होते. त्यात काही कमीपणा नाही, आणि पाहुणा 'जॅलगॉन' म्हणाला तर आपणही त्याला दुरुस्त करत नाही. जपायचं ते एवढंच की वेग कमी ठेवायचा. आपण घाबरलो की भराभर बोलतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. इंग्रजीत शेवटचा आवाज गिळला की अर्थ बदलतो : 'कॅन' आणि 'कान्ट' यांत फरक कितीसा! म्हणून मी 'कान्ट' बोलूच देत नाही. "वी कॅनॉट" म्हणा, सुटं सुटं.

आपल्याला इंग्रजी वाटणारे शब्द

काही शब्द आपण इंग्रजी समजून बोलतो, पण समोरच्याला वेगळंच ऐकू येतं. 'गीझर' ऐकून अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा येतो. 'वॉटर हीटर' म्हणा. 'लाइट गेली' याचं "लाइट हॅज गॉन" होत नाही. "द पॉवर इज आउट, द जनरेटर विल स्टार्ट इन वन मिनिट" म्हणा, तेही जनरेटर खरंच सुरू होणार असेल तर. 'आउट ऑफ स्टेशन' म्हणजे बाहेरगावी, हे बाहेरच्याला कळत नाही. गाडीची 'डिकी' त्याला माहीत नाही, जेवण 'पार्सल' म्हटलं की त्याला पोस्टाचं पुडकं आठवतं, तिथे 'टेकअवे'. आणि 'हॉटेल' हा शब्द जपून. आपण चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतो. "देअर इज अ गुड हॉटेल निअर बसस्टँड" ऐकून एकदा एक पाहुणा बॅग उचलून निघाला होता. त्याला जेवायला कुठे जाऊ एवढंच विचारायचं होतं.

"टुडे ओन्ली", "हिअर ओन्ली" हे आपलं 'आजच', 'इथेच'. त्यातला 'च' इंग्रजीत 'ओन्ली'ने येत नाही. "चेक-आउट टुडे ओन्ली" ऐकून माणसाला वाटतं, आज गेलो नाही तर पुन्हा कधी जाऊच देणार नाहीत.

जेवणाचं सांगताना

रेस्टॉरंट तुमच्या हॉटेलचं असो की शेजारचं, जेवणाचा पहिला प्रश्न रिसेप्शनलाच येतो. शेवभाजी म्हणजे काय? "अ स्पायसी करी विथ क्रिस्प ग्रॅम-फ्लाउअर नूडल्स." भरीत? "रोस्टेड अँड मॅश्ड एगप्लांट विथ ग्रीन चिली." आपण 'ब्रिंजल' म्हणतो. ब्रिटिश माणसाला 'ऑबर्जीन' कळेल, अमेरिकनला 'एगप्लांट'. कळण्याची भाकरी : "अ फ्लॅट ब्रेड ऑफ मिलेट अँड लेंटिल". तिखटाला 'स्पायसी' म्हणा, 'हॉट' म्हटलं की गरम की तिखट हा प्रश्न राहतोच. आणि आपलं 'मीडियम तिखट' हे त्यांचं मीडियम नाही, हे आधीच सांगून टाका.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेंगदाणे. खान्देशच्या स्वयंपाकात दाण्याचा कूट आणि शेंगदाणा तेल कुठे नसेल ते सांगता येत नाही, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा घसा सुजून जीव जाऊ शकतो. "आय ॲम ॲलर्जिक टू पीनट्स" असं कुणी म्हणालं की "नो प्रॉब्लेम सर, कमी टाकायला सांगतो" हे उत्तर चालणार नाही. आचाऱ्याकडे स्वतः जा, तेलही विचारा. खात्री नसेल तर सरळ सांगा : "वी यूज पीनट्स इन ऑलमोस्ट एव्हरीथिंग. प्लीज डोन्ट टेक अ चान्स." फळं, सीलबंद दही, साधा भात सुचवा. जळगावात असून केळी देता आली नाहीत असं होणार नाही.

तक्रार आली तर

मे महिन्याची रात्र, अकरा वाजलेत, २०४ मधून फोन : एसी थंड करत नाही. नवा मुलगा म्हणतो, "सर, व्होल्टेज इज लो इन होल सिटी." खरं असेल, पण त्याने खोली थंड होत नाही. दुसरा म्हणतो, "अदर रूम्स नो कंप्लेंट." म्हणजे पाहुणाच खोटारडा.

क्रम असा ठेवा. ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. ऐकलेलं परत सांगा : "द एसी इज नॉट कूलिंग." मग "आय ॲम सॉरी अबाउट दॅट." मग काय करणार आणि किती वेळात : "आय ॲम सेंडिंग समवन नाऊ. इफ इट इज नॉट फिक्स्ड इन ट्वेंटी मिनिट्स, आय विल गिव्ह यू अनदर रूम." आणि वीस मिनिटांनी तुम्ही स्वतः फोन करा, त्याच्या फोनची वाट बघू नका.

वेळेचा शब्द मात्र पाळायचा. आपल्याकडे 'पाच मिनिटांत येतो' म्हणजे निघायचं ठरवलंय, एवढंच. पाहुणा घड्याळ लावून बसलेला असतो. अर्धा तास लागणार असेल तर चाळीस मिनिटं सांगा आणि अर्ध्या तासात करा. "आय विल ट्राय" हेही टाळा, ते नकारासारखं ऐकू येतं. तुमच्या हातात नसेल तर "लेट मी चेक विथ माय मॅनेजर अँड कॉल यू बॅक" म्हणा, आणि मग खरंच कॉल करा.

पाहुणा आवाज चढवून भराभर बोलू लागला आणि काहीच कळेना, तर हसू नका. घाबरलं की आपल्याला हसू येतं, आणि समोरच्याला वाटतं आपली थट्टा चाललीय. "सॉरी, कुड यू स्पीक अ लिटल मोअर स्लोली? आय वाँट टू अंडरस्टँड." हे वाक्य नव्यांसाठी सोन्याच्या मोलाचं आहे. न कळता "ओके, ओके" म्हणण्याने जेवढं नुकसान झालेलं मी पाहिलंय, तेवढं चुकीच्या व्याकरणाने कधी झालं नाही.

काय बोलायचं नाही

कुठल्या खोलीत कोण उतरलंय हे कुणालाही सांगायचं नाही. ओळखीचा टॅक्सीवाला विचारेल, स्थानिक पत्रकार विचारेल, "तो गोरा कुठल्या रूमला आहे रे?" म्हणून मालकाचा मेहुणाही विचारेल. "निरोप लिहून द्या, पोचवतो" हे एकच उत्तर. फोनवर कुणी नाव घेऊन विचारलं तर "आय कॅन टेक अ मेसेज." पोलीस आले तर मॅनेजरला बोलवा, ते काम त्यांचं.

आणि आपली ती मायेची चौकशी. लग्न झालं का, मुलं किती, पगार किती. एसटीत शेजारच्याला विचारणं निराळं, काउंटरवर परदेशी बाईला विचारणं निराळं. "हाऊ वॉज युअर जर्नी?" एवढ्यावर थांबा. ती आपणहून बोलली तर ऐका.

सराव

क्लासला जायला हरकत नाही, आयटीआयमध्येही फ्रंट ऑफिस असिस्टंटचा ट्रेड असतो. पण काउंटरचं इंग्रजी काउंटरवरच येतं. रात्री एक ते चार काउंटर शांत असतं. त्या वेळी मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा : स्वागत, चेक-इन, एक तक्रार. ऐकून बघा, पहिल्यांदा लाज वाटेल. सहकाऱ्याला पाहुणा करा आणि त्याला मुद्दाम वाकडं बोलायला सांगा. आपल्याच हॉटेलबद्दल लोकांनी इंग्रजीत ऑनलाइन काय लिहिलंय ते वाचा : पाहुणे कोणते शब्द वापरतात तेही कळतं आणि कुठे कमी पडतोय तेही. खिशात छोटी वही ठेवा. दिवसभरात जे वाक्य अडलं ते मराठीत लिहा, सुटीच्या दिवशी कुणाकडून तरी त्याचं इंग्रजी करून घ्या. माझ्या पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य होतं : 'टॉवेल धुवायला गेलेत, वाळले की देतो.'

निघताना

चेक-आउटची तयारी आदल्या रात्री. "व्हॉट टाइम आर यू लीव्हिंग टुमॉरो?" पहाटेची गाडी असेल तर रिक्षा की टॅक्सी, उठवायचं का, चहा हवा का हे तेव्हाच विचारून लिहून ठेवा. बिल पुढे ठेवून "प्लीज चेक युअर बिल" म्हणा आणि बघायला वेळ द्या. कंपनीच्या कामाने आलेल्याला आधीच विचारा, "डू यू नीड अ जीएसटी बिल इन द कंपनीज नेम?" छापलेलं बिल रद्द करून दुसरं काढेपर्यंत त्याची गाडी सुटते. रेल्वेने जाणाऱ्याला स्टेशनचं नाव नीट सांगा. जळगाव आणि भुसावळ दोन्ही जंक्शन आहेत, आणि तिकीट भुसावळचं असताना जळगावच्या फलाटावर उभा राहिलेला पाहुणा मी पाहिलाय.

पाळी संपताना रजिस्टरमध्ये पुढच्यासाठी चार ओळी इंग्रजीत लिहा, तोही सरावच. 'रूम २०४, वेक-अप ५ एएम, टॅक्सी बुक्ड, सी फॉर्म डन. रूम १०७, पीनट ॲलर्जी, किचन इन्फॉर्म्ड. रूम ३०१, एसी स्लो, टेक्निशियन ॲट १०.' मग किल्ल्या मोजून द्या, सही करा आणि घरी जा.